दुसरा हात

आत्या फोटो डोळ्यांनी बघत नाही, बोटाने बघते. "हे अण्णा, ही मी, ही आमची थोरली, आणि हा कडेला तोंड वाकडं करून उभा आहे ना, तो तुझा बाप." बोलता बोलता तिची तर्जनी एकेका चेहऱ्यावर टेकते, जरा थांबते आणि न उचलता घसरत शेजारच्या चेहऱ्यावर जाते.

हा जुना समूहफोटो चार ठिकाणी दुमडला होता. तो स्कॅन करून, भेगा बुजवून नीट करण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. कापसाच्या जाड मॅट कागदावर मी त्याची प्रिंट काढली, दोन दिवस वाळू दिली आणि आत्याच्या हातात ठेवली. चौथ्या चेहऱ्यापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग बोट अण्णांच्या काळ्या कोटावरून गेलं आणि मागे एक चकचकीत करडा ओरखडा उमटला. तिने बोट उलटं करून बघितलं. काळं झालं होतं.

"अगंबाई, ओला होता का गं?"

ओला नव्हता. इंकजेटच्या, म्हणजे शाई फवारून छापणाऱ्या यंत्राच्या, शाईचे ढोबळ दोन प्रकार आहेत. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदात मुरतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड. तिचा एक कण साधारण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतका असतो. पूड पाण्यात तरंगत येते, पाणी कागद पिऊन टाकतो आणि पूड वरच्यावर बसते. उजेडात ती डायपेक्षा जास्त टिकते, म्हणून मी पिगमेंटच वापरते. पण मॅट कागदावरचा काळा रंग म्हणजे फळ्यावरच्या खडूच्या भुकटीचा जरा हट्टी भाऊ समजा. कागदाचा वरचा थरही सिलिकाच्या भुकटीचाच, आणि तिला धरून ठेवायला चिकटद्रव्य जेमतेम. बोट घासलं की थोडी पूड बोटाला लागते, उरलेली दबून सपाट होते, आणि दबलेली जागा चमकते. यात आत्याचं काही चुकलं नव्हतं. या कागदाला कोणी हात लावणार नाही, असं धरूनच तो बनवलेला असतो.

"काच लाव की," असं ज्याने त्याने सांगितलं. काचेने सगळे प्रश्न सुटतात, हे मलाही कळतं. पण साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. दोन्ही मिळून आठ. अण्णांच्या काळ्या कोटात मग कोट दिसत नाही, समोरची खिडकी दिसते. आणि आत्याचं म्हणणं वेगळंच होतं. "काचेवर बोट ठेवून मी काय करू? ते थंड लागतं."

म्हणून मी कोटिंगच्या, म्हणजे प्रिंटवर पारदर्शक थर चढवण्याच्या, वाटेला लागले.

घराला रंग देणारे कारागीर थराला 'हात' म्हणतात. "भिंतीला दोन हात द्यावे लागतील." हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण तो किती नेमका आहे हे कळायला स्वतःच्या हातात रोलर यावा लागला. थर मोजायचा तो हाताने. आणि पुढे कळलं, की थर बिघडतो तोही हातानेच.

फवारून छापलेलं चित्र नाजूक असतं, ही तक्रार या तंत्राइतकीच जुनी आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियात ग्रॅहम नॅश (हो, तोच गायक) आणि मॅक होल्बर्ट यांनी नॅश एडिशन्स ही छपाईची कार्यशाळा काढली. त्यांच्याकडे आयरिस ३०४७ हे यंत्र होतं. ते मुळात छापखान्यांना रंगांची प्रुफं काढून देण्यासाठी बनवलेलं. फिरत्या पिंपावर कागद गुंडाळायचा आणि त्यावर शाईचा अखंड बारीक फवारा सोडायचा. तिथेच काम करणाऱ्या जॅक डगॅन यांनी या छपाईला 'झिक्ले' हे फ्रेंच नाव दिलं. त्यामागचा मूळ अर्थ फवाऱ्याचा, पण ऐकायला कसं भारदस्त वाटतं! नाव भारदस्त असलं तरी शाई डायची. पाण्याचा एक थेंब पडला की आकाश ओघळून डोंगरावर यायचं. म्हणजे जिने चित्रं दालनांच्या भिंतींवर नेली, त्या पहिल्या पिढीलाच वरून काहीतरी लावण्याची गरज पडली.

तसं वरून काहीतरी लावणं इंकजेटच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. तैलचित्रांना व्हार्निश लावायचे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम या रंगीत काचफोटोंवरही डामर राळेचं व्हार्निश असायचं. लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत तर प्रदर्शन उघडण्याआधी व्हार्निश लावण्यासाठी चित्रकारांना खास दिवस दिलेले असत. १८३२ साली त्या दिवसांत टर्नरच्या करड्या समुद्राशेजारी कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं लाल-सोनेरी चित्र लागलं होतं. टर्नरने ते बघितलं, आपल्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. दीड दिवसाने येऊन त्याच ठिपक्याची त्याने लाटांवर तरंगणारी बोया करून टाकली. ही गोष्ट मला फार आवडते, आणि जरा मत्सरही वाटतो. तेलरंग दीड दिवस थांबतो. माझं पाण्यातलं कोटिंग दीड मिनिटाच्या पुढे थांबत नाही.

मी वापरते ते पाण्यात बनवलेलं अॅक्रिलिक. याआधी स्प्रेचे डबेही वापरून बघितले. सॉल्व्हंटचा (पाण्याऐवजी भरकन उडणाऱ्या द्रावकाचा) स्प्रे नाजूक कागदावर सुरेख बसतो, आणि डायच्या प्रिंटला तर तोच हवा, कारण पाण्याच्या कोटिंगने डाय पसरतो. पण वाफांसाठी तोंडाला फिल्टरचा मास्क लागतो आणि खिडक्या सताड उघड्या लागतात. उघड्या खिडकीतून धूळ येते. खिडकी बंद करावी तर डोकं धरतं. शिवाय हवा दमट असली की स्प्रेचा थर पांढुरका पडतो: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यात अडकते. एका पावसाळी दुपारी माझा एक अख्खा समुद्र असा धुक्यात गेला. स्प्रेशी माझं जमलं नाही, एवढंच.

रोलरची गोष्ट निराळी. त्यात निम्मं काम वाट बघण्याचं आहे. प्रिंट हाताला कोरडी लागली तरी कोरडी नसते. शाईत ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं असतात, ती बरेच तास बाहेर पडत राहतात. त्यावर लगेच झाकण घातलं तर थर गढुळतो. म्हणून किमान चोवीस तास. मी प्रिंटवर साधा कोरा कागद घालून ठेवते आणि सकाळी तो काढून बघते. पहिल्या दिवशी तो ओलाव्याने लाटा आल्यासारखा झालेला असतो. बदललेला दुसरा कागद सपाट निघाला, की मग पुढचं काम.

मग खोली. पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, अंगात धागे न सोडणारे कपडे, केस टोपीत. प्रिंट फळीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बसवायची, नाहीतर ओला झालेला कापसाचा कागद फुगून उठतो. रोलर बारीक छिद्रांच्या फोमचा. त्याचे सुटे कण आधी चिकटपट्टीने उचलून घ्यायचे, मग तो पाण्यात बुडवून, पिळून, छिद्रांतली हवा घालवायची. कोटिंगचा डबा कधीही गदागदा हलवायचा नाही. बुडबुडे येतात, आणि डोळ्यांना न दिसणारे बुडबुडेच वाळल्यावर टाचणीच्या टोकासारखे दिसायला लागतात. काठीने सावकाश ढवळायचं, दहा टक्क्यांच्या आसपास डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि नायलॉनच्या पायमोज्यातून गाळायचं. (या कामासाठी एवढे मोजे लागतात की घरात जोडीने असलेले मोजे आता विरळ झालेत.)

आणि मग तो क्षण, ज्याला मी अजूनही घाबरते. कोटिंग पांढरं असतं, दुधाळ. चेहऱ्यांवर ते ओतायचं. तीन आठवडे ज्या डोळ्यांवर काम केलं ते डोळे एका पट्ट्यात नाहीसे होतात. हे पुन्हा दिसणार आहेत, हे बुद्धीला माहीत असतं, पोटाला नसतं. त्या पांढऱ्या द्रवात अॅक्रिलिकचे सूक्ष्म गोळे पाण्यात सुटे तरंगत असतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी उडू लागलं की गोळे जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, त्यांचा आकार मोडतो आणि शेवटी ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. विखुरायला मध्ये काही उरलं नाही, की तो पारदर्शक. खोली फार गार असेल तर मात्र गोळे मऊच पडत नाहीत. मग पापुद्र्याऐवजी नुसती पांढरट, तडकलेली भुकटी उरते.

रोलर फिरवायचा तो भरभर, पण दाबून नाही. पहिला हात उभा. सगळीकडे सारखं पसरलं, की शेवटची फेरी रोलरच्या स्वतःच्या वजनाने, बोटांनी नुसता दांडा धरून. आणि कान उघडे ठेवायचे. ओल्या थरावर रोलर जवळजवळ मुका असतो. थर धरायला लागला की तो चर्र असा, चिकटपट्टी हळूच सोलल्यासारखा आवाज करतो. तो आवाज आला की काम संपलं. काहीही दिसलं तरी संपलं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. डब्यावरही लिहिलं होतं. पण मी पहिल्यांदा अण्णांच्या फोटोला कोटिंग केलं तेव्हा सगळं नितळ झालं, मी रोलर ट्रेमध्ये ठेवला, दिवा तिरपा करून बघितलं, आणि थोरल्या आत्याच्या खांद्याजवळ एक फिकी रेघ दिसली. रोलरच्या कडेची, जेमतेम बोटभर. त्या वेळी जे हात शिवशिवतात ना, ते शिवशिवणं या कामातलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. फक्त एकदा, हलक्याने, असं म्हणत मी रोलर फिरवला. चर्र झालं. अर्धवट धरलेला थर रोलरला चिकटून वर आला आणि पुढे जाऊन दोरीसारखा वळून पडला. तो दोर सपाट करायला मी उलटा रोलर फिरवला. मग तो सपाट करायला आडवा. पाच मिनिटांनी थोरल्या आत्याच्या जागी नांगरलेलं शेत होतं, आणि त्यात शाईचे काळे गोळे. ती फिकी रेघ वाळल्यावर कदाचित आपोआप बसली असती. बसली नसती तरी तिला खांद्याची सावली म्हणून खपवता आलं असतं.

फोटो दुरुस्त करताना मला परतीची सवय लागली होती, हे त्या दिवशी लक्षात आलं. संगणकावर तीन आठवडे मी प्रत्येक फटकारा मागे घेऊ शकत होते. एक भेग मी अकरा वेळा बुजवली होती. रोलरला ती कळ नाही. त्यामुळे आता कोटिंगच्या आधी मी स्वतःला एक गोष्ट बजावते: पहिल्या हातातलं बिघडलेलं दुसऱ्या हातात सुधारायचं, त्याच हातात नाही. दोन हातांच्या मध्ये काही तास जातात. पहिला पक्का वाळतो, बारीक कण वर राहिला असेल तर तो अलगद घासून काढता येतो, आणि मग दुसरा हात आडवा, म्हणजे पहिल्याच्या रेघांवर तो काटकोनात येतो. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड थरात बुडबुडे अडकतात, कडा ओघळतात आणि वाळायला इतका वेळ लागतो की खोलीतली सगळी धूळ येऊन बसते.

आता ज्याच्यासाठी मी एवढं सोसते ते. कोरडा दगड फिका दिसतो, तोच ओला केला की गडद. मॅट कागदाचं तसंच आहे. खडबडीत पृष्ठभागावरून थोडा पांढरा प्रकाश सगळ्या दिशांना उधळत राहतो आणि काळ्यावर एक राखेचा पडदा धरतो. मॅट कागदावरचा गडदातला गडद काळासुद्धा अडीच टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो. चांगल्या ग्लॉसी कागदावर हेच प्रमाण अर्ध्या-पाऊण टक्क्यावर येतं. कोटिंग खड्डे भरून काढतं आणि ओला दगड कायमचा ओला ठेवतं. अण्णांच्या कोटाला बटणं आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. म्हणजे पडद्यावर मी ती बघितली असणार, पण कागदावर ती काळ्यात काळी होऊन गेली होती. दुसरा हात वाळला आणि बटणं वर आली. तिसरं तेवढं जागेवर नाही.

पण काळा गडद होतो तसे मधले रंगही उतरतात. चेहरे जरा जड, जरा थकलेले दिसायला लागतात. म्हणून कोटिंग करायची प्रिंट आधीच थोडी उजळ काढावी लागते. किती, ते पट्ट्या कापून, त्यांना कोटिंग करून, वाळवून, मगच ठरवायचं. मी सात पट्ट्या केल्या. चमक किती ठेवायची हाही वादाचाच विषय. पूर्ण मॅट कोटिंगमध्ये चमक मोडण्यासाठी सिलिकासारखी भुकटी घातलेली असते. ती तळाशी बसते, आणि तिचे दोन-तीन थर चढले की काळ्यावर पुन्हा धुकं. म्हणजे जे घालवायला निघालो तेच विकत आणलं. मी पहिला हात ग्लॉसीचा देते आणि फक्त दुसरा सॅटिनचा, म्हणजे मंद चमकेचा. चकाकत्या प्रिंटवर मला चेहरे कोणीतरी आत्ताच पुसून ठेवल्यासारखे वाटतात.

मेणाचाही एक पंथ आहे. रेनेसान्स वॅक्स हे ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात धातू, लाकूड अशा संग्रहातल्या वस्तूंसाठी तयार झालेलं सूक्ष्मस्फटिकी मेण काही जण प्रिंटवर मऊ फडक्याने चोळतात. ग्लॉसी कागदावर पिगमेंटची प्रिंट तिरपी धरली की सावल्यांत तांब्याची झाक येते आणि जिथे शाईच नाही तिथे कागद वेगळा चमकतो. ते मेणाने पुष्कळ झाकतं. मॅट काळ्यावर मात्र मी फडकं चोळायला धजावले नाही. बोटाने काय झालं ते बघितलं होतं.

कोटिंग म्हणजे अमरपट्टा, असं ज्यांना वाटतं त्यांचा मला थोडा राग येतो. थर छिद्रं बुजवतो, म्हणून हवेतला ओझोन शाईपर्यंत सहज पोचत नाही. हे खरं आहे, आणि डायसाठी मोठंच. पाण्याचा थेंब टिपता येतो, ओरखडा अडतो. पण उजेड? कोटिंगमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असली तरी रंग उडवायला दिसणारा प्रकाशही पुरेसा आहे, आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही. संग्रहालयं नाजूक कागदांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास प्रकाश ठेवतात. प्रिंट किती टिकते याचा अभ्यास करणारे हेन्री विल्हेल्म यांचे प्रसिद्ध अंदाज दिवसाला १२ तास ४५० लक्स धरून काढलेले असतात. खिडकीजवळच्या भिंतीवर भर दुपारी याच्या कितीतरी पट उजेड येतो. तिथे दहा हात दिले तरी व्यर्थ.

आणि एकदा दिलेला हात काढता येत नाही. तैलचित्रावरचं व्हार्निश पिवळं पडलं तर जाणकार ते सॉल्व्हंटने उतरवतात आणि नवं लावतात, कारण ते रंगाच्या वर वेगळं बसलेलं असतं. कागदाच्या छिद्रांत शिरलेलं अॅक्रिलिक उतरवायचं म्हणजे चित्रच उतरवायचं. म्हणून मी प्रत्येक फोटोच्या दोन प्रिंट काढते. एकीला हात देते. दुसरीला कोणाचाच हात लागू देत नाही. ती अंधारात, सपाट डब्यात. कोटिंग केलेल्या प्रिंटच्या पाठीवर शिसपेन्सिलीने कागद, शाई, कोटिंग आणि तारीख लिहिते. पुढे कोणाला काही करायचं झालं तर निदान कोणाशी सामना आहे हे त्याला कळावं.

अण्णांच्या फोटोची चौथी प्रिंट साधली. दिवा तिरपा करून बघितलं तर दुसरा हात काचेसारखा बसलेला. आणि थोरल्या आत्याच्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर, एक केस. माझाच, टोपीतून निसटलेला, अर्ध्या बोटाचा, छान वळण घेऊन पडलेला. चिमटा हाताशीच होता. रोलरने शेवटच्या फेरीत आवाज केला होता की नव्हता, ते मी आठवत राहिले. मग उठले, दिवा मालवला आणि दार ओढून घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

पुढे चार-पाच दिवस मी प्रिंट नुसती उघडी ठेवली. अॅक्रिलिक वरून वाळलं तरी आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. एकदा घाई करून दोन प्रिंट समोरासमोर ठेवल्या होत्या, त्या सोडवताना दोघींनी एकमेकींचे तुकडे घेतले.

आत्या आली. प्रिंट मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि बोट ठेवलं. अण्णा. ती. थोरली. बोट कोटावरून गेलं, परत आलं, बटणांवर थांबलं.

"तिसरं बटण कधीच नसायचं," ती म्हणाली. "लावून दिलं तरी दोन दिवसांत पडायचं." मग बोट वर सरकलं. "आणि हे काय गं? केस पडलाय बघ."

"आत आहे तो आत्या. राहिलाय."

"आत कसा असेल? थांब, काढते."

तिने नखाने खरवडलं. एकदा, दोनदा. मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा तिने चष्मा वर करून, प्रिंट नाकाजवळ धरून, चांगला जोर लावून खरवडलं. मग नख उजेडात धरून बघितलं. नखाला काहीच लागलं नव्हतं.